चालता-फिरता वाय-फाय तुटू नये म्हणून: रोमिंग नीट बसवण्याची पद्धत

व्हिडिओ कॉल चालू ठेवून फोन हातात घ्या आणि एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर चालत जा. जिन्याच्या वळणावर समोरच्याचा चेहरा गोठतो, आवाज डब्यातून आल्यासारखा होतो आणि मग 'हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?' सुरू होतं. वर पोचता तेव्हा डोक्यावरच दुसरा ॲक्सेस पॉइंट (वाय-फायचा सिग्नल देणारं यंत्र) लुकलुकत असतो, आणि फोन मात्र अजून खालच्यालाच चिकटलेला.

असाच एक जिना मी एकदा आकड्यांत उतरवून ठेवला होता. खालच्या पॉइंटजवळ सिग्नल उणे ४८ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप; शून्यापासून जितकं खाली, तितका सिग्नल कमजोर). दारात उणे ६३. पहिल्या पायरीवर उणे ७१, वळणावर उणे ७९. वरच्या मजल्यावर पाऊल टेकलं तेव्हा उणे ८४ आणि सलग सहा पिंग (जोडणी चालू आहे का हे बघायला पाठवलेल्या छोट्या हाका) गायब. त्याच जागी वरचा पॉइंट उणे ५२ ने ऐकू येत होता. दोघांत ३२ डेसिबलचा फरक, म्हणजे ताकदीच्या हिशोबात दीड हजार पटींहून जास्त. तरीही फोन हलला नाही. तक्रार आल्यावर त्या जागेवर आधीच एक उपाय झाला होता: दोन्ही पॉइंटची पॉवर वाढवून 'हाय' केली होती. त्यानेच प्रकरण बिघडलं होतं. ते कसं, हे कळलं की पुढचं निम्मं काम आपोआप सुचतं.

आधी एक गोष्ट: निर्णय फोनचा असतो

रोमिंग म्हटलं की अनेकांना मोबाइलचं बिल आठवतं. इथे रोमिंग म्हणजे एकाच वाय-फाय नेटवर्कमधल्या एका पॉइंटवरून दुसऱ्यावर उडी मारणं.

मोबाइलच्या टॉवरांच्या बाबतीत, कॉल किंवा डेटा चालू असताना फोन फक्त मोजमाप पाठवतो. कोणत्या टॉवरवर जायचं ते नेटवर्क ठरवतं. वाय-फायमध्ये उलटं आहे. कधी सोडायचं, कुठे जायचं हे फोन, लॅपटॉप किंवा स्कॅनर स्वतः ठरवतो. नक्की कोणत्या क्षणी हलावं, हे मानकात लिहिलेलंच नाही. प्रत्येक कंपनीचा हिशोब वेगळा.

ॲपलने आपला हिशोब जाहीर केलेला आहे, म्हणून तो उदाहरणाला सोयीचा. आयफोन आणि आयपॅड सध्याचा सिग्नल उणे ७० डीबीएमच्या खाली जाईपर्यंत दुसरा पॉइंट शोधायलाच लागत नाहीत. शोधल्यावर डेटा चालू असेल तर नवा पॉइंट किमान ८ डेसिबलने सरस हवा, फोन निवांत असेल तर १२ डेसिबलने. मॅकचा उंबरठा उणे ७५ आणि फरक १२ डेसिबल.

आता जिन्याकडे परत जाऊ. खालचा पॉइंट जोरात ओरडत असेल तर फोनला तो दूरवर 'ठीक' ऐकू येतो आणि शोध उशिरा सुरू होतो. पॉवर वाढवणं म्हणजे फोनला 'थांब, अजून हलू नकोस' असं सांगणं. फोनला हुकूम देता येत नाही. योग्य जागी, योग्य वेळी उडी मारावीशी वाटेल अशी परिस्थिती तेवढी घडवता येते. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १: काही बदलण्याआधी चालून मोजा

ही पायरी गाळून थेट सेटिंगला हात घालणारे खूप. मीही घालायचो. पण 'वाय-फाय तुटतं' या एका वाक्यामागे पाच वेगळे आजार असतात आणि त्यांची औषधं एकमेकांविरुद्ध काम करतात.

लागतं ते एवढंच: सिग्नलचा आकडा, बीएसएसआयडी आणि चालू पिंग. बीएसएसआयडी म्हणजे पॉइंटमधल्या प्रत्येक रेडिओचा स्वतंत्र पत्ता. नेटवर्कचं नाव सगळीकडे एकच असलं तरी हा वेगळा असतो. कोणत्या पॉइंटच्या पत्त्याची शेवटची दोन अक्षरं कोणती, ते आधी कागदावर लिहून घ्या. मॅकवर ऑप्शन कळ दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की सिग्नल, नॉइज (हवेतला नको तो गोंगाट), चॅनेल (पॉइंट ज्यावर बोलतो ती रेडिओ लहरींमधली ठरावीक जागा) आणि बीएसएसआयडी दिसतात. अँड्रॉइडवर वाय-फाय ॲनालायझर प्रकारचं कुठलंही बरं ॲप चालेल. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये वाय-फायचं सविस्तर लॉगिंग चालू केलं तर नेटवर्कच्या यादीतच आकडे येतात. आयफोनवर ॲपलचं एअरपोर्ट युटिलिटी ॲप टाकून त्याच्या सेटिंगमध्ये वाय-फाय स्कॅनर चालू करावा लागतो.

पिंग राउटरच्या आतल्या पत्त्याला लावा, इंटरनेटवरच्या एखाद्या साइटला नको. नाहीतर बाहेरच्या लाइनचा दोष वाय-फायच्या माथी बसतो. सेकंदाला एक पिंग पुरतं. लॅपटॉपवर सेकंदाला पाच लावता आले तर अधिक बारीक दिसतं.

मग चाला. नेहमीच्या चालीने, फोन नेहमी धरता तसाच धरून. माणसाचं शरीर सिग्नल अडवतं, त्यामुळे हात लांब करून घेतलेलं माप खोटं येतं. आणि जाताना-येताना दोन्हीकडून चाला. फोन जाताना जिथे उडी मारतो, येताना त्याच जागी मारत नाही. तो फरक ठेवलेलाच असतो, नाहीतर सीमेवर उभा राहिल्यावर फोन सारखा इकडून तिकडे उड्या मारत बसला असता.

परत आल्यावर कागद बघा.

बीएसएसआयडी बदललाच नाही आणि सिग्नल पार खाली गेला: फोन चिकटून बसलाय, पॉवर आणि जागा बघायला हवी. बीएसएसआयडी वेळेवर बदलला, पण बदलताना सेकंदभर पिंग गेले: ओळख पटवण्यात वेळ जातोय. बीएसएसआयडीबरोबर आयपी पत्ताही (नेटवर्कने फोनला दिलेला पत्ता) बदलला: तुमच्याकडे एक नेटवर्क नसून दोन आहेत. बीएसएसआयडी दर काही सेकंदांनी मागेपुढे होतोय: पॉइंट फार जवळजवळ आहेत किंवा यंत्राचं रोमिंग अति आक्रमक आहे. आणि सिग्नल उत्तम, बीएसएसआयडी तोच, तरी पिंग गायब: हा रोमिंगचा प्रश्नच नाही. चॅनेलवर गर्दी आहे किंवा पॉइंट मागे ज्या केबलला जोडलाय तिथे गडबड आहे.

पायरी २: नेटवर्क खरोखर एकच आहे ना?

जुना राउटर पडून होता म्हणून तोच दुसऱ्या टोकाला लावला, ही सर्वांत नेहमीची मांडणी. तो राउटर स्वतःचे आयपी पत्ते वाटायला लागतो. फोन तिकडे गेला की पत्ता बदलतो आणि चालू कॉल, डाउनलोड, रिमोट डेस्कटॉप सगळं पडतं.

दुसऱ्या राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा, काम संपलं. नसेल तर हाताने तीन गोष्टी करा. त्याचा आतला पत्ता मुख्य राउटरच्या रांगेतला, पण कोणीही न वापरलेला द्या. त्याची डीएचसीपी, म्हणजे आयपी पत्ते वाटणारी सेवा बंद करा. आणि केबल त्याच्या वॅन (इंटरनेटच्या लाइनच्या) पोर्टात न घालता लॅन (आतल्या नेटवर्कच्या) पोर्टात घाला. तिसरी गोष्ट विसरली जाते आणि मग पहिल्या दोन करूनही काही चालत नाही.

नेटवर्कचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार, तिन्ही सगळीकडे अक्षरशः सारखे हवेत. नावापुढे 'वरचा मजला' असं जोडलं की फोनच्या लेखी ते परकं नेटवर्क होतं. मग तो पहिलं पूर्ण तुटेपर्यंत थांबतो आणि नंतर दुसऱ्याशी पहिल्यापासून ओळख करून घेतो. एका पॉइंटवर डब्ल्यूपीए२ आणि दुसऱ्यावर फक्त डब्ल्यूपीए३ असलं तरी गोंधळ होतो.

पायरी ३: पॉइंटच्या मागे केबल

शक्य असेल तर प्रत्येक पॉइंटपर्यंत केबल न्या. मेश (एकमेकांना जोडलेल्या पॉइंटांचं जाळं) वाईट नाही, पण बिनतारी मेशमध्ये पॉइंट एकमेकांशी बोलायला हवाच वापरतात. त्यासाठी वेगळा रेडिओ नसेल तर दर टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. मेश लावायचाच असेल तर नोड (मेशमधला पॉइंट) सिग्नल मेलेल्या खोलीत ठेवू नका. त्याला स्वतःलाच सिग्नल मिळत नसेल तर तो वाटणार काय? मध्यावर ठेवा.

पायरी ४: पॉवर आणि जागा

इथे घाई करू नका. वेळ द्यावा असं ठिकाण हेच.

पॉइंट २३ डीबीएमने बोलू शकतो, म्हणजे २०० मिलिवॉट. खिशातल्या फोनची ताकद सहसा त्याहून बरीच कमी असते. बॅटरी आणि अँटेनाच्या मर्यादा असतात. परिणाम असा की फोनला पॉइंट ऐकू येतो, पॉइंटला फोन ऐकू येत नाही. कांड्या भरलेल्या दिसतात आणि पान उघडत नाही. कांड्या ही फक्त एका दिशेची बातमी आहे.

म्हणून पॉवर फोनच्या आसपास आणायची. वाय-फायचे नेहमीचे दोन पट्टे म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झला १४ ते १७ डीबीएमपासून सुरुवात करा; १४ म्हणजे २५ मिलिवॉट, वाचायला केविलवाणं वाटतं, पण दोन पॉइंटांच्या मांडणीत बहुतेकदा पुरतं. २.४ गिगाहर्ट्झ त्याहून ६-७ डेसिबलने खाली ठेवा. कारण सरळ आहे: मोकळ्या जागेत सारख्याच अंतरावर २.४ चा सिग्नल ५ पेक्षा सुमारे ७ डेसिबलने जोरात पोचतो, भिंतीत तर फरक आणखी वाढतो. दोन्हींना सारखी पॉवर दिली की फोन २.४ कडे ओढला जातो आणि तिथेच रमतो.

साध्या राउटरमध्ये आकड्यांऐवजी 'हाय, मीडियम, लो' एवढंच असतं. मीडियमवर ठेवा आणि पुन्हा चालून बघा.

जागा ठरवताना एक आकडा डोक्यात ठेवा. आवाजी कॉलसाठी सिग्नल उणे ६७ डीबीएमच्या खाली जाऊ द्यायचा नाही आणि नॉइजपेक्षा तो २५ डेसिबलने वर हवा, हा या व्यवसायातला रुळलेला दंडक. आता आयफोनचा हिशोब त्यावर ठेवा: पहिला पॉइंट उणे ७० ला आला त्या जागी दुसरा किमान उणे ६२ ला ऐकू आला पाहिजे. ती जागा वाटेत कुठे पडते ते चालून शोधा. ती जिन्याच्या वळणाआधी पडली पाहिजे. वळणावर पडली तर उशीर झाला.

वळणांचं एवढं कौतुक का? सरळ वाटेवर सिग्नल हळूहळू उतरतो, फोनला विचार करायला वेळ मिळतो. जाड भिंतीचा कोपरा वळला किंवा लोखंडी दार मागे बंद झालं की दोन पावलांत १५-२० डेसिबल जाऊ शकतात. चालणारा माणूस सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास जातो; म्हणजे फोनला शोधायला, निवडायला आणि जोडायला जेमतेम सेकंद-सव्वा सेकंद मिळाले. म्हणून दोन वाटा जिथे मिळतात तिथे, दोन्हीकडे नजर पोचेल असा पॉइंट ठेवणं सर्वांत फायद्याचं. जिन्यासाठीही तसंच: एक पॉइंट असा हवा जो वळणाच्या दोन्ही अंगांना दिसतो.

याउलट लांब बोळात एका रांगेत सगळे पॉइंट टांगणं टाळा. बोळ म्हणजे सिग्नलची नळी. फोनला चार-चार पॉइंट सारख्याच जोराने ऐकू येतात, कोणीच ८ डेसिबलने सरस ठरत नाही आणि फोन शेवटपर्यंत पहिल्यालाच धरून बसतो. पॉइंट बाजूच्या खोल्यांत, बोळाच्या आळीपाळीने डाव्या-उजव्या अंगाला ठेवले की भिंतीच सीमारेषा आखून देतात. भिंतीला शत्रू समजायची सवय असते. रोमिंगमध्ये ती मदतीला येते.

लिफ्टचं काय? धातूची बंद पेटी. लिफ्टमध्ये कॉल टिकावा असा हट्ट असेल तर लिफ्टच्या विहिरीसाठी वेगळी सोय करावी लागते. बाकीच्यांनी दार उघडल्यावर दोन सेकंदांत फोन जोडला गेला यात समाधान मानावं.

एक चूक माझी, सांगून टाकतो. एका गोदामात सगळी मोजणी मी रॅक रिकामे असताना केली. आकडे झकास आले. महिन्याभराने रॅक भरले, त्यात बराचसा माल द्रवाच्या बाटल्यांचा, आणि हातातले स्कॅनर मधल्या गल्लीत तुटायला लागले. पाणी हा सिग्नल चांगलंच पितं. दोन पॉइंट गल्लीच्या तोंडावर हलवावे लागले आणि शिडी मलाच धरावी लागली. जागा जशी वापरात असते तशी भरलेली असतानाच मोजा, आणि माणसं असताना मोजा.

पायरी ५: चॅनेल

२.४ गिगाहर्ट्झला १, ६ आणि ११. मधला ३ किंवा ८ रिकामा दिसला म्हणून निवडू नका. तो दोन्ही शेजाऱ्यांना त्रास देतो आणि दोघांचा त्रास घेतो. रुंदी २० मेगाहर्ट्झ.

५ गिगाहर्ट्झला अनेक पॉइंट असतील तर ८० मेगाहर्ट्झचा मोह आवरा. २० किंवा ४० वर राहिलात तर शेजारच्या पॉइंटांना वेगवेगळे चॅनेल देता येतात. वेगाच्या चाचणीत आकडा कमी दिसेल. चालताना कॉल टिकेल.

रोमिंगशी थेट संबंध येतो तो ५२ ते १४४ या चॅनेलांचा. बहुतेक देशांत यांवर रडारची मालकी आधी, वाय-फायची नंतर. त्यामुळे फोन तिथे आपणहून हाक मारत नाही, पॉइंटचा बीकन ('मी इथे आहे' हा त्याचा ठरावीक वेळाने येणारा संदेश) ऐकू येईपर्यंत गप्प बसतो. बीकन साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी येतो. इतर चॅनेलवर हाक मारून वीसेक मिलिसेकंदांत उत्तर मिळतं, इथे शंभराच्या वर थांबावं लागतं. अशा दहा चॅनेलांचा फेरा म्हणजे सेकंद गेला. शिवाय रडार जाणवलं की पॉइंटला चॅनेल सोडावा लागतो आणि असाच दुसरा चॅनेल वापरण्याआधी ६० सेकंद नुसतं ऐकावं लागतं. युरोपात १२० ते १२८ साठी तर १० मिनिटं. चालत बोलणारी माणसं जास्त आणि पॉइंट थोडे असतील तर हे चॅनेल टाळा. पण ते टाळण्याच्या नादात चार पॉइंट एकाच चॅनेलवर कोंबत असाल तर ती अधिक मोठी चूक. तेव्हा बिनधास्त वापरा, फक्त ठरावीक दोन-तीन निवडा म्हणजे शोधायच्या जागा कमी राहतात.

ऑटो चॅनेल चालू ठेवायचं असेल तर बदल रात्री होऊ दे. भर कामाच्या वेळी पॉइंटने चॅनेल बदलला तर सगळ्या फोनांना एकदम उठून पळावं लागतं.

६ गिगाहर्ट्झची गंमत वेगळी. पूर्ण बँड खुला असेल तिथे २० मेगाहर्ट्झचे ५९ चॅनेल होतात. सगळे तपासत बसणं अशक्य, म्हणून पॉइंट आपल्या २.४ आणि ५ च्या बीकनमध्येच '६ वर मी अमुक ठिकाणी आहे' असं सांगतो. तेव्हा ६ वापरायचं म्हणून ५ बंद करू नका. आणि ६ वर डब्ल्यूपीए३ सक्तीचं आहे. ५ वर जुनी सुरक्षा ठेवलीत तर दोन्हींमधली उडी अडखळते.

पायरी ६: सावकाश वेग बंद करा

पॉइंटच्या सेटिंगमध्ये किमान डेटा वेग ठरवता येत असेल तर १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएस बंद करा आणि किमान १२ ठेवा. बीकन किमान वेगाने जातात आणि १ एमबीपीएसचा बीकन फार दूरवर समजतो. फोन त्या धाग्यावर लटकत राहतो आणि हवेतला वेळही खातो. १२ केल्यावर सिग्नल कमी होत नाही, पण फार दूरवर तो उलगडता येत नाही, त्यामुळे फोन लवकर सोडून देतो. एखादं फार जुनं उपकरण यानंतर जोडलं गेलं नाही, तर त्याच्यासाठी २.४ वर वेगळं नेटवर्क काढा. त्याच्यापायी सगळ्यांना मागे ओढू नका.

पायरी ७: के, व्ही आणि आर

राउटरच्या सेटिंगमध्ये ८०२.११ के, व्ही, आर अशी तीन बटणं दिसतात आणि 'फास्ट रोमिंग' या नावाखाली लोक तिन्ही एकदम चालू करतात. कामं वेगळी आहेत.

'के' हे २००८ चं. पॉइंट फोनला शेजारच्या पॉइंटांची आणि त्यांच्या चॅनेलांची यादी देतो. फोन सगळी हवा धुंडाळत न बसता यादीतल्या जागा बघतो. बिनधास्त चालू करा.

'व्ही' हे २०११ चं. पॉइंट फोनला सुचवतो: 'तिकडचा पॉइंट तुझ्यासाठी बरा.' फोन ऐकेलच असं नाही, सुचवणी ती सुचवणीच. तरी चालू करा.

'आर' हेही २००८ चं, आणि विचार करायचा तो याच्याबाबत. नव्या पॉइंटवर जाताना सुरक्षेच्या किल्ल्यांची देवाणघेवाण पुन्हा पहिल्यापासून करावी लागू नये म्हणून ते आहे. जिथे प्रत्येकाचं वेगळं लॉगिन असतं आणि मागे सर्व्हर ओळख तपासतो, तिथे पूर्ण ओळखीला शेकडो मिलिसेकंद, कधी सेकंदाहून जास्त लागतात. 'आर' ने ते ५० मिलिसेकंदांच्या आसपास येतं. आवाजाचं पाकीट (एका वेळी पाठवलेला तुकडा) सहसा २० मिलिसेकंदांचं असतं, तेव्हा हा फरक कानाला कळतो. पण साध्या पासवर्डच्या डब्ल्यूपीए२ नेटवर्कमध्ये मुळात चारच संदेशांची देवाणघेवाण असते. तिथे 'आर' ने फार काही वाचत नाही. डब्ल्यूपीए३ च्या पासवर्डला गणित जड आहे, तिथे थोडं अधिक वाचतं.

तोटा असा की काही जुने प्रिंटर, स्कॅनर आणि स्मार्ट उपकरणं 'आर' चालू केलं की नेटवर्कला जोडलीच जात नाहीत. म्हणून क्रम असा: आधी के आणि व्ही. दोन दिवस जाऊ द्या. मग गरज असेल तर आर, आणि त्या दिवशी सगळी उपकरणं एकेक करून तपासा.

कमकुवत सिग्नलच्या फोनला हाकलून लावायची सोयही काही पॉइंटांत असते. उणे ७५ ला हाकललं आणि त्या जागी दुसरा पॉइंट उणे ७८ ला असेल, तर फोन तुटतो, परत येतो, पुन्हा तुटतो. सर्वांत शेवटी, तेही फोन कुठे जाणार हे मोजून झालं असेल तरच वापरा. वापरलंच तर उणे ८० पासून सुरुवात करा.

पायरी ८: हातातलं यंत्र

विंडोज लॅपटॉपवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय कार्ड उघडा, ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये जा. इंटेलच्या कार्डांत 'रोमिंग ॲग्रेसिव्हनेस' असतं, पाच पायऱ्यांचं, मुळात मधल्या पायरीवर. फिरणाऱ्या लॅपटॉपला एक पायरी वर न्या. थेट टोकाला नेलंत तर जागेवर बसल्या बसल्याही उड्या मारत बसेल. पॉवर मॅनेजमेंट टॅबमध्ये कार्डाची वीज वाचवण्याची खूण काढून टाका, आणि ड्रायव्हर अद्ययावत करा. रोमिंगच्या अनेक तक्रारी नुसत्या ड्रायव्हरने मिटलेल्या मी पाहिल्यात.

फोनवर सेटिंग थोडी, पण त्यातली दोन घोळ घालतात. पहिलं: वाय-फाय कमजोर झालं की आपोआप मोबाइल डेटावर जाणं. दोन पॉइंटांच्या मधल्या पट्ट्यात फोन याचा आधार घेतो, पत्ता बदलतो, कॉल झटका खातो. मोजणी करताना हे नक्की बंद ठेवा, नाहीतर काय मोजलंत तेच कळणार नाही. दुसरं: जुनी साठवलेली नेटवर्क. पाहुण्यांसाठीचं नेटवर्क फोनमध्ये साठवलेलं असेल तर फोन मध्येच तिकडे वळतो. नको ती विसरायला लावा.

खाजगी मॅक पत्त्याला उगाच दोष देऊ नका. (इथे मॅक म्हणजे ॲपलचा संगणक नव्हे, तर प्रत्येक यंत्राच्या वाय-फाय रेडिओचा स्वतःचा पत्ता.) अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन खरा पत्ता लपवतो, पण एकाच नावाच्या नेटवर्कमध्ये पॉइंट बदलताना तो पत्ता बदलत नाही. राउटरमध्ये मॅक पत्त्यांची यादी करून परवानगी देत असाल तरच अडचण येते.

गोदामातले किंवा दवाखान्यातले हातातले स्कॅनर असतील तर त्यांच्या सेटिंगमध्ये बँड आणि चॅनेल मर्यादित करता येतात का ते बघा. नेटवर्क चारच चॅनेल वापरत असताना यंत्राने वीस धुंडाळण्यात अर्थ नाही.

पायरी ९: पत्ता बदलणारच असेल तेव्हा

एका इमारतीतून दुसरीत, वाय-फायवरून मोबाइल डेटावर, इथे आयपी पत्ता बदलतोच. टीसीपीची (इंटरनेटवर डेटा क्रमाने पोचवणाऱ्या नेहमीच्या पद्धतीची) जोडणी दोन्ही टोकांच्या पत्त्यांना आणि पोर्टांना (पत्त्यापुढच्या क्रमांकांना) बांधलेली असते. पत्ता बदलला की ती मेली. इथे रेडिओत कितीही सुधारणा केली तरी उपयोग नाही, उपाय वरच्या थरात करावा लागतो.

व्हीपीएन (इंटरनेटमधून नेलेला खाजगी बोगदा) वापरत असाल तर त्याच्या प्रकारांपैकी वायरगार्ड किंवा मोबाइक ही जोड असलेलं आयकेईव्ही२ घ्या. दोन्ही पत्ता बदलल्यावर बोगदा टिकवतात. तो टिकला की आतल्या जोडण्यांना बाहेर काय झालं ते कळतही नाही. टर्मिनलवर काम करणाऱ्यांसाठी मॉश (दूरच्या संगणकावर काम करायचा प्रोग्राम) आहे, वाय-फाय बंद करून तासाने चालू केलं तरी सत्र तिथेच सापडतं. २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या क्विकमध्ये (टीसीपीऐवजी वापरायच्या नव्या पद्धतीत) जोडणीला स्वतःची ओळख असते, पत्ता बदलला तरी ती पुढे चालू शकते. ब्राउझर आणि अनेक ॲप ती आपापल्या परीने वापरतात. आणि फिरत्या कामासाठी ॲप स्वतः बनवत असाल तर नोंद आधी यंत्रावर साठवा, मग पाठवा. दोन सेकंदांच्या तुटीला ॲपने लाल खिडकी दाखवायची काही गरज नसते.

चालत्या वाहनासाठी डोकं थोडं वेगळं चालवावं लागतं. रस्त्यावरच्या वाय-फायच्या मागे फोनला पळवू नका. वाहनातच सिमचा राउटर बसवा, अँटेना छपरावर न्या. फोन एकाच वाय-फायला शांत बसून राहतो आणि टॉवर बदलण्याची दगदग राउटर करतो. मार्गावर एका कंपनीचं नेटवर्क तुटक असेल तर दोन सिमचा राउटर घ्या. ५जी काठावर असलेल्या भागात राउटर ४जी आणि ५जी मध्ये सारखा हेलकावत असेल तर तेवढ्यापुरता ४जी वर बांधून ठेवा. आणि थांब्यावरच्या मोफत वाय-फायला आपोआप जोडणं बंद करा, नाहीतर गाडी सुटतानाच फोन त्यात अडकलेला असतो.

पायरी १०: पुन्हा तोच फेरा

एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तीच वाट, तोच फोन, तेच दार. मग दुसऱ्या कंपनीच्या फोनने एकदा. एका फोनवर सुटलेला प्रश्न दुसऱ्यावर शिल्लक असू शकतो, कारण हिशोब प्रत्येकाचा वेगळा.

त्या जिन्यावर शेवटी काय केलं? दोन्ही पॉइंट १५ डीबीएमवर आणले. वरचा खोलीच्या मध्यातून काढून जिन्याच्या तोंडाशी, चार मीटर सरकवला. किमान वेग १२ केला, के आणि व्ही चालू केलं, आर ला हात लावला नाही. त्याच फोनने पुन्हा चाललो: दारात उणे ७१, पहिल्या पायरीवर वरचा पॉइंट उणे ६१, आणि तिसऱ्या पायरीला बीएसएसआयडीची शेवटची दोन अक्षरं बदलली. एक पिंग ९० मिलिसेकंदांनी उशिरा आलं. गेलं एकही नाही. उतरताना उडी वळणाच्या एक पायरी खाली पडली. ते आकडे, तारीख आणि फोनचं मॉडेल एका चिठ्ठीवर लिहून पॉइंटच्या पाठीला चिकटवून ठेवले. पुढच्या तक्रारीच्या वेळी तुलना करायला तेच लागतात.